अक्का, तुझ्या प्रस्तावाला माझा विरोध होता

शैलाअक्का, पहिलं नाव तुझं. मग मंजूअण्णांचं, त्यांनी मला होसकोट्यात केबलच्या कामाला ठेवलं आणि गोदामावरची खोली राहायला दिली. मग दाजींचं, कारण तुझ्या घरी मी आलो की न विचारता माझं ताट मांडणारे तेच. रिसोडहून नववी अर्धी सोडून निघालेल्या माणसाला या शहरात तिघांनी धरून ठेवलं आणि त्यात सगळ्यात घट्ट हात तुझा होता. हे आधी सांगून टाकतो. पुढं जे लिहायचंय त्यात मी तुझ्याशी भांडणार आहे, वाचणाऱ्याचा गैरसमज नको.

तू गेलीस त्याला अजून महिना व्हायचाय. दाजी म्हणाले, मराठी मंडळाच्या अंकात तिच्यावर लिही. मी म्हटलं, दाजी, मला कुठं लिहिता येतं, शुद्धलेखनात मी कायम नापास. तर म्हणाले, "तिच्या डिग्र्या, तिची नोकरी हे लिहिणारे आहेत की पुष्कळ. तू नुसता बोल तिच्याशी. बोलायचास तसा."

म्हणून बोलतोय. तू मध्ये "स्वल्प थांब रे" म्हणणार नाहीस याची अजून सवय झालेली नाही. वाक्य संपलं की मी थांबतोच.

छोट्या केबलवाल्यांना इंटरनेटचं काम शिकवायला तू बनशंकरीच्या त्या हॉलमध्ये आली होतीस. मंजूअण्णांनी मला पाठवलं होतं, कारण त्यांच्याकडं पाठवायला दुसरं कुणी नव्हतं. तू कन्नडमध्ये सांगत होतीस, मधूनच हिंदीत, आणि मला दोन्हीतलं निम्मंच कळत होतं. माझ्या पुढ्यातला राउटर काही केल्या बोलेना. मी आपला खाली मान घालून म्हणालो, "बाप्पा, हे काऊन सुरू होऊन नाही राहिलं?"

"काऊन?" मागून आवाज आला. "कुठला रे तू?"

"वाशीमकडचा, मॅडम."

"मी निपाणीची. आमच्याकडं काऊन म्हटलं तर म्हशी पण वळून बघतील. आणि मॅडम कुणाला म्हणतोस? अक्का म्हण. वायर उलटी घातलीस बघ."

अक्का म्हणायला लागलो, पण 'तुम्ही' सुटेना. आमच्याकडं शिकलेल्या बाईला 'तू' म्हणायची हिंमत होत नाही. शेवटी तूच वैतागलीस. "अक्का पण म्हणतोस आणि तुम्ही पण म्हणतोस, म्हणजे मी काय तुझी सासू झाले?" त्या दिवसापासून तू.

नेटवर्कचा नंबर म्हणजे काय, हे त्या वर्गात सगळ्यांना समजावून सांगताना तू माझ्याकडं बघून एक वाक्य मराठीत बोललीस. लग्नाच्या मांडवात अनोळखी माणूस आला की पहिला प्रश्न काय? कोण गावचं पाव्हणं? इंटरनेटवरही तसंच. जगभरची हजारो नेटवर्कं एकमेकांना भेटतात, माझ्याकडून कुठं कुठं रस्ता जातो ते सांगतात, आणि सांगण्याआधी आपला नंबर सांगतात. ज्याला स्वतःचा नंबर नाही, तो दुसऱ्या कुणाच्या तरी गावचा म्हणून मांडवात येतो. जेवायला मिळतं त्यालाही. पण त्याला कुणी ओळखत नाही.

मला ते लागलं, अक्का. मी या शहरात मंजूअण्णांचा माणूस म्हणून ओळखला जात होतो. त्याआधी ठेकेदाराचा माणूस. कुणी विचारलं, शिक्षण किती, की मी बुटाची नाडी बांधायला वाकायचो.

आमच्या होसकोट्याच्या नेटवर्कला स्वतःचा नंबर मिळवायचं तूच डोक्यात घेतलंस. मंजूअण्णा म्हणाले, "एनक्का, काय हे, आमचं एवढंसं दुकान, आम्हाला कशाला?" तू म्हणालीस, नियम दुकान किती मोठं ते विचारत नाही. बाहेर पडायला दोन वेगळे रस्ते आहेत का, एवढंच विचारतो. दोन कंपन्यांच्या लाइन घ्या, मग नंबर तुमच्या हक्काचा. अर्ज भरायला तू मला बसवलंस. स्वतः भरला असतास तर चहा निवायच्या आत झाला असता. मी एकेक रकाना भरायचो आणि विचारायचो, बरोबर आहे का, आणि तू म्हणायचीस, "मला काय विचारतोस, नेटवर्क तुझं आहे की."

तेव्हाच आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हटलं, मागतोच आहोत तर दोन मागू. एक जास्तीचा राहू दे ठेवणीत. पुन्हा मिळाला नाही तर?

"दुसऱ्याचं करणार काय?"

"काही नाही. असावा जवळ."

तू हसलीस, पण मग नीट बसून सांगितलंस. नंबरांचा मोठा साठा जगाचा एकच आहे, पाच भागांच्या पाच संस्था त्यातून आपापल्या भागासाठी गठ्ठा घेतात आणि मागणाऱ्याला एकेक देतात. गठ्ठ्यातले शंभरातले ऐंशी वाटून झाले, किंवा उरलेले दोन महिनेही पुरणार नाहीत असं दिसलं, की मगच नवा गठ्ठा. तोही वर्षभराच्या गरजेपुरता.

"पंगतीत वाढलंयस का कधी?" तू विचारलंस.

"गावातल्या प्रत्येक लग्नात. आमटीची बादली माझ्याकडंच असायची."

"मग बादली भरून आणायला कधी जायचास?"

"तळाला आली की."

"आणि अर्धी बादली घेऊन आचाऱ्याकडं गेलास तर?"

"शिव्या घालायचा."

"तेच. एवढाच नियम आहे, बाकी सगळं इंग्रजी आहे. आचाऱ्याला माहीत असतं की वाढपी उगाच येणार नाही, आणि पंगतीला माहीत असतं की बादली परत येणार आहे. म्हणून कुणी पानात जास्तीचं वाढून घेत नाही. तू घ्यायचं म्हणतोयस, कारण तुला बादली परत येईल याचा भरवसा नाही."

नव्हताच. मला कसलाच भरवसा नव्हता. खिशात दोन चाव्या ठेवणारा, बस सुटेल म्हणून तास आधी जाऊन उभा राहणारा माणूस मी. माझं काळीज चिमणीचं, हे तू दाजींसमोर सांगायचीस आणि मी रागवायचो. पण नंबर एकच मागितला.

तो आला त्या दिवशीची गोष्ट कुणाला सांगू का? आता सांगतो, तू नाहीस अडवायला. एवढी मोठी इंजिनियर, होसकोट्याला आली, पदर खोचून राउटरपुढं बसली, आणि नंबर टाकताना दोन आकडे उलटे टाकलेस! आमचं अख्खं गाव जगाला दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं आपली ओळख सांगायला लागलं. कुठल्याशा बेटावरच्या नेटवर्कच्या माणसाची मेल आली. तुम्ही बरे आहात ना, आमचा नंबर तुमच्याकडं दिसतोय. तू वाचलीस, कपाळावर हात मारलास, "अय्यो देवा," म्हणालीस, आणि हसता हसता खुर्चीवरून खाली बसलीस. मंजूअण्णा घाबरून विचारत होते, एनायतु, काय झालं. तू दुरुस्त केलंस, त्या माणसाला माफीची मेल लिहिलीस. माझ्या हातून असं झालं असतं तर मी आठवडाभर जेवलो नसतो. तुला हसताना बघून मला पहिल्यांदा वाटलं की चुकल्यावरही माणूस कामावर राहू शकतो.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. आमचा नंबर जगात दिसत होता. मी मंजूअण्णांकडं तारा ओढायला लागलो होतो तो आता नेटवर्क सांभाळत होतो, आणि फोनवर मोठ्या कंपन्यांची माणसं मला 'गजाननजी' म्हणायची. शिक्षण कुणी विचारत नव्हतं. ते सगळं त्या एका नंबरावर उभं होतं, हे मला पक्कं माहीत होतं.

मग राउटर जळला. विजेचा दाब वाढला आणि गेला. त्याच आठवड्यात रस्ता रुंद करताना दुसरी लाइनही तुटली, आणि नवा रस्ता खोदायची परवानगी मिळेना. तात्पुरतं म्हणून आम्ही एका मोठ्या कंपनीची साधी लाइन घेतली. गिऱ्हाइकांचं इंटरनेट चालू राहिलं, पण ते त्या कंपनीच्या नावानं. आमचा नंबर जगातून दिसेनासा झाला. तात्पुरतं लांबत गेलं. त्या कंपनीचा माणूस मंजूअण्णांकडं चहाला येऊ लागला. आमच्यात सामील व्हा, नंबरबिंबर कशाला, आमचे इंजिनियर येऊन बघतील सगळं. 'आमचे इंजिनियर' म्हणताना तो माझ्याकडं बघायचा नाही, पण मला कळायचं. नंबर गेला की मीही गेलो. मला दुसरीकडं कोण उभं करणार, नववी नापाससुद्धा नसलेल्याला?

आणि नेमका तेव्हा, अक्का, तू तो प्रस्ताव लिहिलास.

नंबर कसे वाटायचे हे कुणी साहेब ठरवत नाही, हे मी तुझ्याकडूनच शिकलो. कुणीही प्रस्ताव लिहावा, तो मेलवर सगळ्यांपुढं ठेवायचा, मग खुल्या सभेत ज्याला बोलायचं त्यानं बोलायचं. मतं मोजायची नाहीत. अध्यक्ष विचारतो, कुणाची हरकत आहे का. हरकत असेल तर तिला उत्तर द्यावं लागतं. नसेल तर प्रस्ताव पुढं जातो. गप्प बसलेला माणूस 'हो' म्हणाला असं धरतात.

तुझा प्रस्ताव असा, की जो नंबर ठरावीक मुदतीत जगात कुठंच दिसला नाही, तो संस्थेनं परत घ्यावा आणि साठ्यात टाकावा. मी तुझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तो वाचला. तू भाकऱ्या थापत होतीस.

"हा आमच्यावर लिहिलाय," मी म्हटलं.

"जगावर लिहिलाय. त्यात तुम्ही पण आलात."

"तूच मिळवून दिलेला नंबर तूच काढून घेणार?"

"मी नाही दिला. तुम्हाला गरज होती म्हणून मिळाला. गरज संपली असली तर ठेवायचा कशाला?"

"संपली नाही अक्का, थांबलीय! आणि आता लांबलचक नंबर निघालेत, कोट्यवधी पडलेत म्हणतेस. मग आमचा एक घेऊन कुणाचं पोट भरणार?"

तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "पोट भरायचा प्रश्न नाही रे. ओसाड घरात कोण शिरतं? मी बघितलंय. बंद पडलेल्या कंपनीचा नंबर चोरांनी उचलला, त्या नावानं जगभर घाण मेल पाठवल्या. मालक मेलेला, विचारायचं कुणाला? ज्या नंबराला कुणी धनी नाही तो परत आलाच पाहिजे."

"धनी आहे की! मी हा उभाय तुझ्यापुढं."

"मला दिसतोयस. नियमाला कसा दिसशील?"

मी म्हटलं, पंगतीतला माणूस हात धुवायला उठला तर तू त्याचं पान उचलणार? तू लगेच म्हणालीस, पंगतीतून मध्येच उठायचंच नाही, एवढं तरी तुझ्या आईनं शिकवलं नाही? दाजी बाहेरून ओरडले, "तुमचं पान वाढलंय, आधी बसा दोघं." आपण बसलो. तू मला लोणी जास्त वाढलंस. मी खाल्लं.

पुढच्या वेळी आलो तेव्हा तू म्हणालीस, हरकत माझ्यापुढं सांगून काय उपयोग? तिथं सांग. सभेत. मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही. "हिंदीत सांग. कुणीतरी सांगेल इंग्रजीत करून." मी म्हटलं, तुझ्या विरोधात कसा बोलू? तेव्हा तू खरंच रागावलीस. इतकी वर्षं ओळखत होतो, पण असा आवाज ऐकला नव्हता.

"गजा, प्रस्ताव चुकीचा असेल तर मला कळायला नको? ज्याला लागणार आहे तोच गप्प बसला, तर मी कुणासाठी लिहिते हे सगळं?"

मग तुझं पोटाचं दुखणं निघालं आणि सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळालं.

दवाखान्यात मी येत होतो ते तुला बघायला. तू मात्र माझी तालीम घ्यायचीस. उशीला टेकून अध्यक्ष व्हायचीस. "हं, मागच्या रांगेतले गृहस्थ, नाव सांगा, कुठून आलात सांगा." मी नाव सांगायचो आणि पुढं गप्प. "हरकत काय आहे?" मी म्हणायचो, अक्का, राहू दे ना, तू आराम कर. "अक्का कोण? इथं अध्यक्ष आहे." दाजी चिडायचे, नर्स हसायची. एकदा मी सगळं नीट बोललो, तर तू तुझ्याच प्रस्तावाच्या बाजूनं इतके प्रश्न विचारलेस की मला घाम फुटला. मग म्हणालीस, "या प्रश्नाला असं उत्तर दे," आणि मला उत्तर शिकवलंस. स्वतःला हरवायचं उत्तर. मी तेव्हा हसलो. बसमध्ये मात्र खिडकीकडं तोंड करून बसलो होतो.

शेवटच्या भेटीत तू फार बोलली नाहीस. जाताना एवढंच म्हणालीस, "मी तिथं असले नसले तरी तू बोलायचंस. सरी?" मी सरी म्हटलं. खरं तर मला दुसरंच काही म्हणायचं होतं. एवढ्या वर्षांत तुला एकदाही नीट, तोंडावर, 'तुझ्यामुळं' असं म्हटलं नव्हतं. म्हटलं, पुढच्या खेपेला म्हणू. मीच तो, सगळं आधीच करून ठेवणारा माणूस. तेवढं एक ठेवणीत ठेवलं आणि राहिलं.

सभा यंदा आपल्याच शहरात, यशवंतपूरच्या एका हॉटेलात होती. तुझे दिवस होऊन गेले होते. दाजी म्हणाले, जायचं. मी मंजूअण्णांचा इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. नेपाळच्या, लंकेच्या, कुठल्या कुठल्या देशांच्या माणसांनी तुझं नाव घेतलं. सगळे उभे राहिले. एवढी माणसं तुला ओळखत होती हे मला माहीत नव्हतं. तू कधी सांगितलंच नाहीस.

माझ्या शेजारी पुण्याचा एक इंजिनियर बसला होता, भला माणूस. मराठी ऐकून माझ्याशी बोलायला लागला. म्हणाला, "शैलाताईंचा प्रस्ताव आज एकमतानं जाईल. जायलाच पाहिजे ना, तीच खरी श्रद्धांजली. मेलवर एकदोघांच्या शंका होत्या, पण आज कोण कशाला उठतंय?"

उठलो तर माझ्यासारखा कृतघ्न मीच. सगळा हॉल ओल्या डोळ्यांनी बसलेला, आणि हा कोण होसकोट्याचा माणूस मेलेल्या बाईला अडवायला निघाला? आणि बसून राहिलो तर नंबर जातो. माझी खुर्ची जाते ती वेगळीच. पण त्याहून वाईट म्हणजे तुला 'सरी' म्हटलेलं खोटं पडतं. सोपं होतं ते, अक्का. नुसतं गप्प बसायचं. रडलं असतं तरी चाललं असतं, कुणाला कळलं नसतं की मी घाबरून रडतोय.

अध्यक्ष म्हणजे काठमांडूची एक बाई, केस पांढरे, तुझी मैत्रीण. तिनं प्रस्ताव वाचला. मग तिनं विचारलं, कुणाची हरकत?

मी उठलो. दाजी शेजारी होते, त्यांनी माझा हात सोडला. धरला होता हे मला सोडल्यावर कळलं.

माइकपाशी जाऊन नाव सांगितलं. होसकोटे म्हटलं. म्हटलं, जिनका प्रस्ताव है, उन्होंने ही मुझे यहाँ बोलने को कहा था. मग हिंदी संपली आणि मराठीच आलं. तो पुण्याचा इंजिनियर मागून आला, माझ्याजवळ उभा राहिला आणि इंग्रजीत सांगायला लागला. मी आमचा राउटर सांगितला, खोदलेला रस्ता सांगितला. म्हटलं, आमच्याकडं पंगतीत माणूस हात धुवायला उठला तर त्याचं पान उचलत नाहीत. शेजाऱ्याला विचारतात, हे येणार आहेत का परत. तुम्हीही विचारा ना आधी. विचारून, वाट बघून, उत्तर आलंच नाही तर खुशाल उचला. पण दिसत नाही म्हणजे नाहीच, असं धरू नका.

इंजिनियरला पंगत इंग्रजीत सांगता येईना. तो अडखळला, हातानं पान काढून दाखवायला लागला. लोक हसले, पण चांगलं हसले. एक लंकेचा माणूस उठून म्हणाला, मेलवर मी हीच शंका विचारली होती. आणखी एक बाई उठली, म्हणाली, पण चोरांचं काय? ते तुझंच म्हणणं होतं. तू शिकवलेलं उत्तर मी दिलं. विचारणारी मेल गेली की चोर उत्तर देणार नाही, धनी देईल. विचारणं हाच पहारा. बोलताना माझ्या तोंडात तुझाच आवाज होता. बोलणं संपवून तो जाऊ द्यावासा वाटेना.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. मग नियमाप्रमाणं जाहीर केलं. एकमत नाही. प्रस्ताव दुरुस्तीसाठी लेखकाकडं परत पाठवण्यात येत आहे.

आणि हॉल थांबला.

ते वाक्य त्यांनी आयुष्यात कितीदा म्हटलं असेल. सवयीनं आलं. लेखकाकडं परत. सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की परत पाठवायला लेखक कुठाय. त्या बाई कागदाकडं बघत राहिल्या. लेखक नसला तर प्रस्ताव गळतो, असा नियम आहे. मला अजून तेही कळत नव्हतं. इंजिनियरनं कानात सांगितलं, "म्हणजे वाचलात तुम्ही. हा प्रस्ताव आता संपला."

मी वाचलो होतो, अक्का. जागेवर येऊन बसायचं, एवढंच राहिलं होतं. नंबर आमचाच राहणार होता. आणि मला तो तवा दिसला, ती भाकरी, ओसाड घरात कोण शिरतं म्हणून तू विचारलेलं. त्यात काय चूक होतं? अर्धं तर बरोबरच होतं. अर्धं बरोबर असलेलं तुझं काम माझ्या हरकतीनं मरणार, आणि मी इस्त्रीच्या शर्टात घरी जाणार?

अध्यक्षबाईंनी विचारलं, हा प्रस्ताव कुणी स्वीकारतंय का?

मी अजून माइकपाशीच उभा होतो. मी म्हटलं, "मी."

त्यांना वाटलं मला कळलं नाही. त्यांनी हिंदीत पुन्हा विचारलं, "आपने तो विरोध किया था." मी म्हटलं, हां जी. इसीलिए. आगे क्या सुधारना है वो मुझे मालूम है. दाजींनी मागं जोरात नाक शिंकरलं, सगळ्या हॉलला ऐकू गेलं. मग त्या बाईंनी लेखकाच्या रकान्यात तुझ्या नावाखाली माझं नाव घातलं. माझं शिक्षण त्यांनी विचारलं नाही.

घरी येऊन मंजूअण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "हुच्चा! वेडा कुठला! सुटला होतास ना? आता स्वतःवरच नियम लिहिणार?" दुसऱ्या दिवशी मात्र त्या कंपनीच्या माणसाला त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, थोडं थांबा, आमचा गजा एक काम करतोय. रस्ता खोदायची परवानगी अजून आलेली नाही. येईल असं म्हणतात. जुना का होईना, एक राउटर मी ठरवून ठेवलाय. वेळेत सगळं जुळलं नाही तर मीच लिहिलेल्या नियमानं आमचा नंबर जाईल. तरी लिहितोय.

अडलोय एका ठिकाणी. विचारल्यावर किती वाट बघायची? कमी ठेवली तर माझ्यासारखा मरतो, जास्त ठेवली तर चोराला सवड मिळते. जो आकडा लिहायला जातो तो आधी मला स्वतःला पुरतो का, हे मन बघतं, आणि मी खोडतो. तुझं कसं व्हायचं गं? तुलाही असं व्हायचं का? हे कधी विचारलंच नाही. इंग्रजी तो पुण्याचा इंजिनियर तपासून देतो. तो मला 'गजाननराव' म्हणतो, त्याची मला लाज वाटते.

तुझं देणं आहे माझ्यावर. 'तुझ्यामुळं' हा शब्द तोंडावर म्हणायचा राहिला, तो असा कागदावर म्हणून फिटत नाही, मला माहीत आहे. पण कधीतरी फेडीन. पुढच्या सभेत लेखक म्हणून पुढं मी बसलेला असेन, आणि मागच्या रांगेत कुणीतरी असेल, ज्याला माझा नियम लागणार आहे आणि ज्याची जीभ टाळ्याला चिकटलीय. आदल्या दिवशी मी त्याला शोधून काढीन. समोर बसवीन, अध्यक्ष होईन, नाव विचारीन, गाव विचारीन, आणि मला हरवायचं उत्तर त्याच्याकडून पाठ करून घेईन.